पत्र्याचं पाणी अंगणातच जिरवा : पाऊसबागेचा पाठ



मृग जवळ आलाय. बांधबंदिस्ती, नांगरट, बियाणं यांची गडबड प्रत्येकाच्या घरी चालू असेल. आजचा पाठ शेताचा नाही, गावठाणाचा आहे. मेसेज लांब आहे, पण सवडीने पूर्ण वाचा आणि घरातल्यांनाही वाचून दाखवा. खड्ड्याची जागा कुठे धरायची हे घरातल्या बायकांना जास्त चांगलं माहीत असतं.

*अडचण काय आहे?*

गेल्या काही वर्षांत आपल्या गावांत गल्ल्या सिमेंटच्या झाल्या. अंगणात कोबा किंवा पेव्हर ब्लॉक आले, कौलं जाऊन पत्रे आणि स्लॅब आले. चिखल गेला, ही सोय झालीच. पण पूर्वी अंगणात आणि परड्यात जिरणारं पाणी आता गल्लीतून पळतं. वरच्या आळीचं पाणी खालच्या आळीच्या उंबऱ्याला लागतं. जाताना ते शेण, प्लॅस्टिक, खताच्या रिकाम्या गोण्यांची धूळ असं सगळं घेऊन ओढ्याला जातं, आणि ओढ्याकाठी कुणाची तरी विहीर असते. पावसाळ्यात यावरून भांडणं होतात आणि उन्हाळ्यात त्याच गल्लीत टँकर येतो.

शिवारातलं पाणी अडवायला आपण शिकलो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने डोंगरउतारावर समतल चर काढले, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडायची पद्धत पाडली. तसाच ताळेबंद गावठाणाचाही मांडता येतो. सुरुवात आपल्या पत्र्यापासून करू.

*आपल्या पत्र्यावर किती पाणी पडतं?*

हिशोब सोपा आहे. १ चौरस मीटर जागेवर १ मिमी पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं.

समजा घर २० फूट × ३० फूट आहे, म्हणजे ६०० चौरस फूट, सुमारे ५६ चौरस मीटर. (पत्रा उतरता असला तरी माप जमिनीवरचं धरा, पत्र्याच्या उताराचं नको.)

- २५ मिमीची एक चांगली सर : ५६ × २५ = १,४०० लिटर. उडालेलं, वाया गेलेलं वजा केलं तरी साधारण १,२०० लिटर पन्हाळीला येतं.
- हंगामात ६०० मिमी पाऊस धरला तर : साधारण २८,५०० लिटर. म्हणजे १०,००० लिटरचे जवळपास तीन टँकर.
- अशी ५० घरं धरली तर : सव्वाचौदा लाख लिटर.

हे पाणी आपण स्वतःच्या हाताने गल्लीत सोडून देतो.

*पाऊसबाग म्हणजे काय?*

पाऊसबाग म्हणजे अंगणात किंवा परड्यात केलेला उथळ, सपाट तळाचा खोलगट वाफा. पन्हाळीचं पाणी त्यात येतं, थांबतं, एक-दोन दिवसांत जिरतं. त्यात झाडं असतात. झाडांची मुळं माती पोकळ ठेवतात आणि गाळ, घाण वरच्या थरातच अडकते. अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीमध्ये १९९० च्या सुमारास नव्या घरांच्या वसाहतीत गटारं वाढवण्याऐवजी घरोघरी असे वाफे केले. तेव्हापासून ‘रेन गार्डन’ हे नाव रुळलं. आपल्याला यात फार नवीन काही नाही, हा शेततळ्याचा आणि वाफ्याचा धाकटा भाऊच आहे.

*शोषखड्डा आहे, मग ही कशाला?*

नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे केले, उघडी गटारं आणि डास कमी केले. ते काम राज्यभर माहीत झालं. पण शोषखड्डा असतो सांडपाण्यासाठी, म्हणजे रोज येणाऱ्या थोड्या थोड्या पाण्यासाठी. पत्र्याचं पाणी एका तासात हजार लिटर येतं. ते शोषखड्ड्यात सोडलं तर खड्डा गाळाने भरतो आणि सांडपाणी वर येतं. दोन्ही वेगळे ठेवा.

*आधी जागा बघा*

१) भिंतीपासून किमान १० फूट लांब. काळी माती असेल किंवा भिंती मातीच्या असतील तर १५ फूट. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाया हलवते.
२) संडासाची टाकी, शोषखड्डा यांच्यावर किंवा लगत नको.
३) जिथे आधीच आठ-आठ दिवस पाणी साचून राहतं, ती जागा नको. तिथे पाणी जिरत नाही हे जमिनीनेच सांगितलेलं आहे.
४) बैलगाडी, ट्रॅक्टर, जनावरं जातात तिथे नको. माती दबली की पाणी जिरत नाही.

*मग जिरण्याची चाचणी घ्या*

१ फूट रुंद, १ फूट खोल खड्डा घ्या. पाण्याने भरा, जिरू द्या. पुन्हा भरा. आता काडीवर खूण करून तासाभरात पाणी किती उतरलं ते मोजा.

- तासाला अर्धा इंच किंवा जास्त : जागा चांगली, सरळ काम सुरू करा.
- अर्ध्या इंचापेक्षा कमी : माती बदलावी लागेल.

एक सावधगिरी. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा असतात. पहिलं पाणी भेगांतून गडप होतं आणि वाटतं जागा झकास आहे. पावसात भेगा बुजल्या की तीच जागा डबकं होते. म्हणून काळ्या जमिनीत खड्डा तीन-चारदा भरा आणि शेवटचं माप धरा.

*खोदाई कशी करायची?*

- आकार : पत्र्याच्या साधारण सातवा-आठवा भाग. ६०० चौरस फूट पत्र्याला ८ × १० फुटांचा वाफा.
- खोली : पाणी साचायला ६ इंच पुरे. ८ × १० फुटांत ६ इंच पाणी म्हणजे सुमारे १,१०० लिटर. २५ मिमीची सर जवळपास सगळी मावते.
- तळ : एकदम सपाट. गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल नळी लावा. तळ उतरता राहिला तर एकाच कोपऱ्यात पाणी साचतं.
- निघालेली माती : उताराच्या खालच्या बाजूला बांध म्हणून लावा आणि चोपून घ्या. पाणी येतं ती बाजू मोकळी ठेवा.
- पाण्याची वाट : पन्हाळीपासून उथळ दगडी चर. पाणी वाफ्यात पडतं तिथे चार दगड लावा, नाहीतर माती खणली जाते.
- सांडवा : हा विसरू नका. बांधाच्या माथ्यापेक्षा २ इंच खाली, दगड लावून. १०० मिमी पाऊस झाला तर वाफा भरून वाहणारच. सांडव्याचं तोंड शेजाऱ्याच्या भिंतीकडे किंवा बांधाकडे नको.

जमीन मध्यम असेल तर तळाची माती फावड्याने सैल करून त्यात कुजलेलं शेणखत मिसळा. काळी असेल तर २ फूट खोल माती काढा. मग जाडसर वाळू किंवा क्रश सँड दोन भाग, चांगली माती एक भाग, कुजलेलं खत एक भाग असं मिश्रण भरा. खाली मुरूम लागला तर उत्तमच, तिथपर्यंत जा. एवढं करूनही पाणी हळू जिरत असेल तर खोली ३-४ इंचच ठेवा आणि वाफा रुंद करा.

*कोणती झाडं?*

झाड असं हवं की दोन दिवस पाण्यात उभं राहील आणि उन्हाळाही काढेल.

- तळाला : वाळा. मुळं सरळ खोल जातात, माती धरून ठेवतात. सोबत कर्दळ.
- उतारावर : निर्गुडी. ओढ्याकाठी वाढते, म्हणजे ओल आणि कोरड दोन्ही सोसते. गवती चहाही इथेच लावा.
- बांधावर : अडुळसा.

लव्हाळा दिसला की लगेच उपटा. पहिला उन्हाळा आठवड्यातून एकदा पाणी द्या. रासायनिक खत टाकू नका, ते थेट खाली जिरेल.

*हे पाणी पाऊसबागेत अजिबात सोडू नका*

फवारणी पंप धुतलेलं पाणी, औषधं कालवण्याच्या जागेचं पाणी, गोठ्याचं पाणी, डिझेल सांडलेल्या जागेचं पाणी. आपण जिरवतो ते पाणी आपल्याच गावच्या विहिरीत जातं. आपल्या खडकात पाणी मुरमात आणि भेगांतच साठतं. भेगेतून गेलेली घाण फारशी गाळली जात नाही. याच कारणाने पत्र्याचं पाणी गाळणीशिवाय थेट विहिरीत किंवा बोअरमध्येही सोडू नका.

*डास होतील का?*

डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर तरी लागतो. वाफा दोन दिवसांत कोरडा होत असेल तर भीती नाही. दोन दिवसांनंतरही पाणी दिसलं तर तोंडाशी साचलेला गाळ काढा. तरीही थांबलं तर सांडवा खाली घेऊन साठा कमी करा. दरवर्षी मे महिन्यात वरचा गाळ काढायचा, एवढीच देखभाल.

*खरं काय, ते आधीच सांगतो*

एका पाऊसबागेने तुमच्या बोअरला पाणी वाढणार नाही. एका घराच्या पाण्याने तसा फरक दिसत नाही. पण गल्लीत येणारं पाणी त्याच वर्षी कमी होतं. आळीतल्या वीस-तीस घरांनी मिळून केलं तर खालच्या घरांचा त्रास कमी होतो आणि जिरलेलं पाणी सगळ्यांच्या साठ्यात जमा होतं. म्हणून काम वरच्या आळीपासून सुरू करा. वरच्याने अडवलं की खालच्याचं काम निम्मं होतं.

*शाळेत करून दाखवा*

प्लॅस्टिकच्या तीन बाटल्या आडव्या कापा. एकीत उघडी माती, दुसरीत मातीवर पालापाचोळा, तिसरीत गवत उगवलेली माती. तिन्ही सारख्या उतारावर ठेवा, तोंडाखाली पेला ठेवा आणि सारखंच पाणी ओता. कोणत्या पेल्यात गढूळ पाणी आलं, कोणत्यात नितळ, हे मुलांना स्वतः बघू द्या. ग्रामसभेतही हे पाच मिनिटांत होतं. भाषणापेक्षा लवकर पटतं.

*या आठवड्याचं काम*

१) घराचं माप घ्या आणि २५ मिमी पावसाचं पाणी काढा.
२) जिरण्याची चाचणी घ्या.
३) आळीत पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, याचा कागदावर साधा नकाशा काढा.

तिन्हींचा फोटो गावाच्या नावासह आपल्या कंपनीच्या याच नंबरवर पाठवा. माप चुकलंय असं वाटलं तरी पाठवा, मिळून तपासू. पहिली पाऊसबाग आपल्या संकलन केंद्राच्या शेडलगत करायची आहे. ज्यांना खोदाई प्रत्यक्ष बघायची आहे त्यांनी ‘येतो’ किंवा ‘येते’ एवढंच लिहून कळवा, दिवस नंतर सांगू.

पुढचा पाठ : विहीर पुनर्भरणाची गाळण टाकी.


आपली शेतकरी उत्पादक कंपनी