आठ इंची स्पीकर आणि अक्काची हाक

नांदेड,
रविवार

चि. बापूस मामाचे अनेक आशीर्वाद.

काल रात्री अक्काचा फोन आला. केला होता मामीला, पण पाच मिनिटांत मलाच मागितलं, तेव्हाच मी ओळखलं. "जिन्यात उभं राहून तीनदा हाका मारल्या, तरी ह्येला ऐकूच येईना बघ. वर गेले तर दार उघडंच. पुढ्यात जाऊन उभी राहिले तेव्हा म्हणतंय, कधी आलीस?" हसतच सांगत होती. मग बोलता बोलता म्हणाली की रात्री निजताना तुझ्या कानात शिट्टी वाजते, पण सकाळपर्यंत जाते असं तूच तिला सांगितलंस. ती ऐकून निवांत झाली. मी झालो नाही.

त्यात परवा तुमच्या गंजगोलाईतला तो पोऱ्या गुरुद्वाऱ्याला आला होता, दुकानावर चहाला थांबला. तो कौतुकानं सांगू लागला की बापू आठ इंची पॉवर्ड मॉनिटरची जोडी हप्त्यावर उचलतोय, आणि नंतर सबवूफरही घेणार आहे. कुठं ठेवणार? त्या माडीवरच्या दहा बाय दहाच्या खोलीत, जिथं दाजींचं लोखंडी कपाट, तुझी गादी आणि टेबल मांडल्यावर माणसाला वळायला जागा उरत नाही! लेका, मंडप घालायचा आहे का तिथं? मी जन्मभर लोकांच्या लग्नात, सप्ताहात, जयंतीत कर्णे बांधले. मला तरी विचारायचं होतंस. का मामाला कर्ण्यापलीकडं काही कळत नाही असं वाटलं?

आधी स्पीकरचंच बोलू, नाहीतर तू पुढचं वाचणार नाहीस.

पॉवर्ड घेतोयस हे बरोबर आहे. आमच्या वेळी अँप एकाचा, खोका दुसऱ्याचा, युनिट तिसऱ्याचं. जोड जमली नाही की ऐन कीर्तनात युनिट उडायचं. तुमच्या पॉवर्ड मॉनिटरात ती जोड कारखान्यातच लागून येते. वूफरला एक अँप, ट्वीटरला दुसरा, आणि जाड-बारीक आवाज आधीच वाटून मग ज्याचं त्याला दिलेलं. यामाहाच्या एचएस फाइव्हमध्ये वूफरला ४५ वॅट आहेत, ट्वीटरला २५. एवढेच का, म्हणशील. अरे, तीन फुटांवर बसून ऐकणाऱ्याला हे ७० वॅट पुष्कळ झाले. खोक्यावर पीएमपीओ म्हणून हजारांचे आकडे छापायचे, त्या काळातल्या गिऱ्हाइकासारखे वॅट मोजत बसू नकोस.

आता इंचांचं. पाच इंची एचएस फाइव्ह खाली ५४ हर्ट्झपर्यंत उतरतो, आठ इंची एचएस एट ३८ पर्यंत. त्या मधल्या १६ हर्ट्झवाचून तुझं काय अडलंय? तू रेकॉर्ड करतोस अभंग, गोंधळ, आणि एप्रिल जवळ आला की भीमगीतं. काळी एकमध्ये गाणाऱ्या बाप्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तारसुद्धा ६९ हर्ट्झच्या आसपास बोलते. ती पाच इंचांत येते. डग्ग्याचा घुमाराही येतो.

आणि खोली? खोलीचा विचार कुणी केला? आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. तुझ्या दोन भिंतींत दहा फूट, म्हणजे जेमतेम तीन मीटर. ५६ हर्ट्झच्या सुराची लांबी त्याच्या बरोबर दुप्पट भरते. तो सूर दोन भिंतींत अडकतो, भिंतीपाशी फुगतो आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. तुझी खोली लांबीला दहा, रुंदीला दहा आणि स्लॅबही दहा फुटांवर, म्हणजे तिन्ही अंगांनी हा एकच सूर फुगणार. मधोमध खुर्ची टाकून बसलास की डग्गा कमी वाटेल. तू तो वाढवशील. तेच गाणं औशाच्या कुणा गाडीवाल्यानं लावलं की त्याच्या काचा थरथरतील. आठ इंची जोडी आणि सबवूफर त्या सुराला आणखी चढवतील, आणि तुझ्या खुर्चीत मात्र तो पोचणार नाही. ऐकू येईना म्हणून तू आवाज वाढवशील. मला भीती आहे ती ह्याचीच, बापू. पैसे काय, येतात-जातात.

कानाचा विषय निघाला की मला आण्णाच आठवतात. तुला तुझे आजोबा आठवतात ते ओसरीवर गप्प बसलेले. ते गप्प नव्हते रे. गिरणीत मागांच्या खात्यात उभी हयात गेली. तिथं माणसं एकमेकांशी खुणेनंच बोलायची. अक्का एवढ्या मोठ्यानं का बोलते, कधी विचारलंस तिला? आण्णांना ऐकू जावं म्हणून लहानपणी लागलेली सवय आहे ती. एवढा मोठा आवाज तुला जिन्यातून ऐकू आला नाही, म्हणून म्हणतो.

आण्णा भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. काय हात होता! पण असल्या गोंगाटानं कान जातो तो वरच्या सुरांकडून जातो. त्यांना स्वतःच्या पखवाजाची थाप ऐकू यायची, टाळ ऐकू यायचे नाहीत. आणि भजन तर टाळांवर चालतं. सम मागं-पुढं होऊ लागली. लोक सांभाळून घेत राहिले. मग एका एकादशीला मंडळाचे बुवा हात जोडून म्हणाले, "आण्णा, आज तुम्ही नुसतं ऐका." आण्णांनी पखवाजाची कणीक काढली, तोंड पुसलं, पखवाज बुवांपुढं सरकवला आणि भिंतीशी जाऊन बसले. ऐका म्हणाले होते, ऐकायचं कशानं?

मी तेव्हा विशीतला. त्याच रांगेत टाळ घेऊन उभा होतो. खाली मान घालून वाजवत राहिलो. बापाची लाज वाटली असं म्हणवत नाही, पण जवळ गेलो नाही एवढं खरं. शेजारी बसून त्यांच्या मांडीवर मात्रा देत गेलो असतो तर त्यांचा हात चुकला नसता. पाच-सात वर्षं आणखी वाजवलं असतं त्यांनी. पुढं त्यांनी पखवाजाचं नाव काढलं नाही आणि मीही काढलं नाही. आता सुचतं, आता काय उपयोग.

म्हणून तुझ्या त्या शिट्टीचं ऐकून मला झोप लागली नाही. सकाळी शिट्टी गेली म्हणजे कान बरा झाला असं समजू नकोस. कानाच्या आत केसासारख्या बारीक पेशी असतात, त्या थकल्याची ती खूण आहे. थकल्या तर सावरतात, मेल्या तर पुन्हा येत नाहीत. कोंबडीच्या कानात त्या नव्यानं उगवतात. माणसाला देवानं तेवढं दिलं नाही. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्याच्या संस्थेनं हिशेब घालून दिलाय: ८५ डेसिबल असेल तर दिवसाला आठ तास, आणि पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. तू रात्रीचे किती तास बसतोस, आणि किती आवाजात? मोबाइलवर मोजायचं ॲप मिळतं. मोज आणि खरा आकडा कळव. ७५ च्या आसपास मिक्सिंग होतं. समोरच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता आलं पाहिजे, एवढाच ठेवायचा. हेडफोन घातलास तर आणखी जपून, कारण तिथं शेजारी ओरडत नाहीत.

रागावलो, होय. अक्कानं ते हसत सांगितलं, त्याचा राग तुझ्यावर निघाला. तू काम मनापासून करतोस हे मला ठाऊक आहे. तेव्हा आता घ्यायचं कसं ते सांगतो.

पाच इंची जोडी घे, यामाहाची, जेबीएलची, जी कानाला पटेल ती. खोलीच्या मधोमध बसू नकोस. समोरच्या भिंतीपासून चारेक फुटांवर तुझं डोकं येऊ दे. दोन स्पीकर आणि तुझं डोकं, तिघांत सारखं अंतर ठेव. ट्वीटर कानाच्या उंचीला हवा. कोपऱ्यात ठेवलास की खर्ज उगीच फुगेल, आणि कपाटावर तर मुळीच ठेवू नकोस, त्याचं दार आपली वेगळी भजनं म्हणेल. यामाहाच्या मागच्या बाजूला रूम कंट्रोलचं बटण असतं. भिंत जवळ असली तर ते दोन किंवा चार डेसिबल खाली घ्यायचं, त्यासाठीच ते दिलंय.

आठ इंची न घेता जे वाचतील त्यांतून रॉकवूल आण. चार इंच जाडीची पाटी चारही कोपऱ्यांत उभी केलीस तर खर्ज थोडा ताब्यात येईल. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नकोस. त्यानं वरचा आवाज थोडा दबतो, खालचा आहे तसाच राहतो, आणि अक्का ओरडते ते वेगळंच. कपड्यांनी भरलेलं उघडं शेल्फ, उभी केलेली गादी, मामीनं दिलेल्या गोधड्या, ह्यांचा उपयोग त्याहून जास्त.

वायर बॅलन्स्ड घे. हम आला तर अर्थिंग तपास, पण हम घालवायला तीन पिनांतली अर्थिंगची पिन काढायची नाही. आमच्या धंद्यात ही खोड फार आहे, आणि तिच्यापायी शॉक बसलेली माणसं मी पाहिलीत. लाईट जाते-येते, तेव्हा लक्षात ठेव: मॉनिटर सगळ्यांत शेवटी चालू, सगळ्यांत आधी बंद. नाहीतर धाडकन आवाज येतो, स्पीकरला वाईट आणि तुझ्या कानालाही.

आणि गोड वाजणारा शोधू नकोस. यामाहानं १९७८ साली एनएस टेन नावाचा घरगुती स्पीकर काढला होता. घरात तो फारसा रुजला नाही, पण त्याचा पांढरा कागदी वूफर पुढं जगभरच्या स्टुडिओंत टेबलांवर दिसू लागला. ऐकायला तो कर्कशच होता. पण गाण्यातली खोट तो लपवत नव्हता. २००१ साली कंपनीनं तो बंद केला, तरी जुने जपून वापरणारे आहेत. तुलाही असा खरं बोलणारा स्पीकर पाहिजे.

खरं बोलतो का हे दुकानात कसं ओळखायचं? हैदराबादला कोटीत जाऊ, मी येतो सोबत. दुकानदार त्याचं ठेवणीतलं गाणं लावील, त्यात सगळेच स्पीकर चांगले वाटतात. तू अक्काचा आवाज घेऊन चल. तुझ्या माइकवर तिला पाच मिनिटं बोलू दे, भाजीचे भाव सांगू दे, दाजींना रागवू दे. कसलं इक्वलायझर लावू नकोस. जगात तुला सगळ्यांत जास्त ओळखीचा आवाज तोच आहे. ज्या जोडीतून ती अक्कासारखीच वाटेल, ती घ्यायची. जिच्यातून ती रेडिओवरच्या बाईसारखी गोड वाटेल, ती ठेवायची दुकानातच.

पण त्याच्या आधी कान. हा आठवडा रात्रीचं काम बंद. मग इकडं ये, विष्णुपुरीला सरकारी रुग्णालयात कान-नाक-घशाची ओपीडी आहे, ऑडिओग्राम काढून घेऊ. गोंगाटाचा मार बसलेला असला तर ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो. त्यात स, श, त, थ ही अक्षरं धूसर व्हायला लागतात. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. एकटा तपासायला लाजत असशील तर मीही बसतो त्या खोलीत, हेडफोन लावून. मामी कधीची माझ्या मागं लागलीय. टीव्हीवरून आमची रोज भांडणं होतात.

हप्ते करू नकोस. पाच इंची जोडीला जे कमी पडतील ते मी घालतो. दाजींना सांगायचं नाही, आणि अक्काला तर नाहीच, तिच्या पोटात राहत नाही. रिपोर्ट काहीही येवो, आधी मला सांग. मी रागावणार नाही. कमी ऐकू येत असलं तरी गाणं सोडायचं नाही. काम कसं चालवायचं ते मिळून बघू, आणि मी शेजारी बसेन.

येताना तो अंबाबाईचा गोंधळ पुरा करून आण, अर्धाच पाठवला होतास. दुकानात तीनदा लावला. पोरांनी विचारलं, कुणाचा? म्हटलं, आमच्या बापूचा. फार चांगला लागलाय. संबळ जरा पुढं आलाय, तेवढा मागं घे.

अक्काला व दाजींना नमस्कार. मामी धपाटे बांधून ठेवणार आहे, तेव्हा सकाळच्याच एसटीनं नीघ.

तुझा,
मामा