'से' की 'टेल'? आधी मराठीत विचारा

पालकहो, मुलाची इंग्रजीची वही उघडलीत तर एक वाक्य बहुधा सापडेलच : 'माय मदर सेड मी टू ब्रिंग मिल्क.' बाईंनी 'सेड'भोवती लाल गोल केलेला असतो, वर 'टोल्ड' लिहिलेलं असतं. मूल ते खोडतं, नीट लिहितं आणि पुढच्या निबंधात पुन्हा 'सेड मी' लिहितं. त्याने शब्दार्थ पाठ केलेत ना! 'से' म्हणजे सांगणे, 'टेल' म्हणजेही सांगणे. मग त्याने निवडायचं तरी कसं?

राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. ज्यांचं स्वतःचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं, असे कितीतरी आईवडील अजून म्हणतात, 'आम्हाला नाही बाई जमत, क्लास लावू.' मला हे मनापासून खटकतं. कारण या दोन क्रियापदांतला बराचसा फरक तुमच्या घरात रोज बोलला जातो.

चार वर्षांचं मूलही 'गोष्ट म्हण' असा हट्ट धरत नाही. 'गोष्ट सांग' म्हणतं. प्रार्थना मात्र आपण म्हणतो. पाहुण्यांना 'थँक्यू म्हण', ताईला 'सॉरी म्हण', नुसतं 'हो म्हण' : हे सगळं 'से'. 'खरं सांग', 'खोटं सांगू नकोस', 'दादाला बसायला सांग' : हे 'टेल'. आईने दूध आणायला 'सांगितलं', म्हणून तिथे 'टोल्ड'. म्हणजे 'से'चा अर्थ वहीत 'म्हणणे' असा लिहून दिला, तरी अर्धी अडचण सुटते.

उरलेली अर्धी मात्र मराठीतूनच येते, तिथे जपायला हवं. 'आई मला म्हणाली' हे आपल्याकडे बिनचूक, म्हणून मूल 'सेड मी' लिहितं. इंग्रजीत 'से'नंतर माणूस आणायचा तर मध्ये 'टू' लागतो : 'सेड टू मी'. उलट 'तिने सांगितलं की उद्या सुट्टी आहे' हे आपल्याला पुरतं, पण 'शी टोल्ड दॅट' इंग्रजीत अडखळतं. कुणाला सांगितलं ते तिथे यावंच लागतं : 'शी टोल्ड मी दॅट'. आणि पाटीवर किंवा नोटिशीत काही 'लिहिलंय' असं आपण म्हणतो, तिथे इंग्रजीत 'से' येतं. 'से'च्या रूपांचे उच्चारही घरीच सुधारून घ्या : 'सेड' आणि 'सेझ'. स्पेलिंग बघून मुलं 'सैड' वाचतात.

वरच्या वर्गात 'रिपोर्टेड स्पीच' आलं की 'सेड टू'चं 'टोल्ड' करा, असा नियम मुलं घोकतात. कान तयार असलेल्या मुलाला त्यात नवं काही वाटत नाही.

तेव्हा वही घेऊन बसलात की उत्तर सांगू नका. 'हे तू मराठीत कसं बोलशील, म्हणाली की सांगितलं?' एवढंच विचारा, आणि मुलाला विचार करायला वेळ द्या.