सागरतळीच्या खडकांतील बुडबुडे

पृथ्वीच्या उदरात कार्बन किती साठलेला आहे, हे प्रत्यक्ष मोजण्याचे साधन मानवाजवळ नाही. शिलारस वर येऊन थिजतो तोवर त्यातील बराचसा वायू निसटून गेलेला असतो. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातील पोकळ्या या अशाच वायूच्या खुणा होत. पुढे त्यांपैकी अनेकींत झिओलाइटसारखी खनिजे जमली. मूळ वायूचा हिशेब त्यांवरून लागत नाही.

खोल सागरतळी स्थिती निराळी असते. दर १० मीटर खोलीस पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो; ३,५०० मीटरवर तो सुमारे साडेतीनशे वातावरणांइतका होतो. एवढ्या दाबाखाली शिलारसातील पाणी बहुतांशी विरघळलेलेच राहते. कार्बन डाय-ऑक्साइड मात्र त्यात फारसा विरघळत नाही, म्हणून त्याचे बुडबुडे होतात. थंड पाण्याच्या स्पर्शाने लाव्हाचा बाह्य थर क्षणात काचेसारखा गोठतो आणि बुडबुडे जागच्या जागी अडकतात. खोली वाढते तसतसे हे बुडबुडे कमी व लहान होत जातात, असे अमेरिकन भूवैज्ञानिक जेम्स मूर यांनी हवाई बेटांजवळील खडकांवरून १९६५ साली दाखविले.

मोजणीची रीत सोपी आहे. खडकाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून बुडबुड्यांनी व्यापलेले क्षेत्र मोजतात. आता क्ष-किरणांनी खडक न कापताही त्याचे त्रिमितीय चित्र मिळते. समजा, १०० घन सेंटिमीटर खडकात १० घन सेंटिमीटर बुडबुडे आहेत. ३,५०० मीटर खोलीवर, सुमारे १,२०० अंश सेल्सिअस तापमानास, त्यांत एक ग्रॅमहून किंचित अधिक वायू मावतो. भूपृष्ठावर तेवढ्याच बुडबुड्यांत जेमतेम तीन-चार मिलिग्रॅम मावेल! त्यात काचेत विरघळून राहिलेला वायू मिळवावा लागतो. तो अवरक्त किरणांच्या शोषणावरून कळतो.

अडचण वेगळीच आहे. मध्यसागरी पर्वतरांगांवरील बहुतेक खडकांत बुडबुडे फारच थोडे, कारण वायू वाटेतच सुटलेला असतो. अपवाद १९८५ साली सोव्हिएत जहाजाने मध्य-अटलांटिक पर्वतरांगेवरून, १४ उत्तर अक्षांशाजवळून, काढलेल्या खडकाचा. त्यात बुडबुडे सुमारे १७ टक्के होते. असे खडक जहाजावर येताच दाब उतरल्यामुळे तडतडून फुटतात. यात मूळचा सारा वायू शाबूत आहे असे मानून जगभरच्या सागरी पर्वतरांगांतून निघणाऱ्या कार्बनाचे अंदाज बांधले गेले. मात्र हे बुडबुडे इतरत्रच्या शिलारसातून येऊन साचले असतील, तर ते अंदाज फुगलेले ठरतील. म्हणूनच २०१६ साली 'अल्विन' पाणबुडीतून संशोधक त्याच परिसरात उतरले आणि तडतडणारे खडक त्यांनी नेमक्या जागेवरून उचलून आणले.