सायलेन्सरचा आवाज आणि चलानाचा पुरावा

रस्त्यावरील गोंगाट हा अर्थशास्त्राच्या परिभाषेत बाह्य खर्च होय. मोटारसायकलस्वाराची हौस भागते. किंमत मात्र रुग्णालयातील रोगी आणि अभ्यासाला बसलेला विद्यार्थी मोजतो. असा खर्च दंडाच्या रूपाने कर्त्यावरच टाकणे रास्त ठरते. फेरफार केलेल्या सायलेन्सरांच्या आवाजाची अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने जुलै २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली, यावरून प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात यावे.

तथापि दंड योग्य व्यक्तीलाच होतो काय, हाही प्रश्न आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९० (२) खाली पहिल्या गुन्ह्यास पूर्वी एक हजार रुपये दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो दहा हजार रुपयांपर्यंत गेला. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कारावास आणि तीन महिने परवान्यास अपात्रता आली. हजार रुपयांसाठी कामाचे दोन दिवस बुडवून दाद मागणे परवडत नसे. निर्दोष माणूसही मुकाट्याने पैसे भरी. घरोघरी माल पोहोचविणाऱ्या तरुणाचा परवानाच पणाला लागला, की हा हिशेब बदलतो.

आव्हान देणाऱ्याने प्रथम चलानावरील कलम पाहावे. आतील जाळी काढली किंवा बाजारू सायलेन्सर बसविला, तर तो वाहनातील फेरफाराचा आरोप होय. कलम १८२-अ (४) खालील हा आरोप डोळ्यांनी पडताळता येतो. कलम १९० (२) मात्र विहित मानकांचा भंग सांगते, आणि मानक म्हटले की मोजमाप आले.

येथेच खरी अडचण आहे. २००५ च्या मर्यादांनुसार १७५ घनसेंटिमीटरपेक्षा मोठ्या इंजिनाच्या दुचाकीस ८० डेसिबलची मुभा आहे. परंतु ती उत्पादनाच्या टप्प्यावरची असून वेग घेत जाणाऱ्या वाहनापासून ७.५ मीटरवर मोजलेली असते. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने चढतो. म्हणजे निर्दोष वाहनाच्या नळीपासून अर्ध्या मीटरवर यंत्र धरल्यास आकडा शंभरापुढे जाऊ शकतो. अंतर न नोंदविलेला आकडा म्हणूनच अपुरा. आणि नुसत्या कानाने केलेला अंदाज त्याहून दुबळा. मोजमाप कोणत्या अंतरावरून केले, इंजिन कोणत्या गतीवर होते, यंत्र प्रमाणित होते काय, हे प्रश्न न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उपस्थित करता येतात. जप्त सायलेन्सरांवर रोड रोलर फिरविण्याचे सोहळे अनेक शहरांत झाले. छायाचित्रास ते उत्तम. पण सुनावणीपूर्वीच सायलेन्सर चिरडला गेला, तर उभय पक्षांचा पुरावा नाहीसा होतो.

पीयूसी प्रमाणपत्र येथे उपयोगी पडत नाही. त्या तपासणीत धूर मोजला जातो, आवाज नव्हे. मूळ सायलेन्सर गंजून फुटला असेल, तर दुरुस्तीची पावती दंड सौम्य होण्यास साह्यभूत ठरू शकेल. त्या दिवशीच्या आवाजाचा इन्कार तिने होत नाही.

शिवाय तडजोड शुल्क राज्य शासन ठरविते, आणि ते भरले की प्रकरण मिटते. न्यायालयात आरोप शाबीत झाल्यास त्या शुल्काची मर्यादा उरत नाही. अधिनियमातील कमाल शिक्षेपर्यंतचा मार्ग न्यायाधीशांना मोकळा असतो.