ज्याचे नाव ठाऊक नाही, त्याला क्षमा



११ जुलै २००६ ची संध्याकाळ आपल्यापैकी कुणी विसरलेले नाही. चर्चगेटहून उपनगरांकडे निघालेल्या गाड्यांच्या सात डब्यांत अवघ्या अकरा मिनिटांत स्फोट झाले. त्याच मार्गावरून रोज घरी परतणारी आपण माणसे. पुढे २०१५ साली विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरविले. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरविले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. प्रभूने शिकविलेली प्रार्थना म्हणताना आपण अपराध्यांना क्षमा करतो असे बोलून जातो. पण अपराधी कोण हेच ठाऊक नसेल, तर क्षमा करायची कोणाला?

या प्रश्नाशी झगडताना आम्हांला अल्जीरियातील तिबिरीनच्या मठाची आठवण येते. तेथे काही त्रापिस्ट संन्यासी मुस्लिम शेजाऱ्यांमध्ये राहत. शेती करीत, प्रार्थना करीत. वृद्ध ब्रदर लूक हे डॉक्टर. दाराशी येणाऱ्या कोणत्याही आजाऱ्याला ते तपासत. १९९३ साली अतिरेक्यांनी परदेशी लोकांना देश सोडण्याची मुदत दिली. ती संपली त्याच सुमारास, १ डिसेंबरला, मठाचे प्रमुख फादर ख्रिस्तियान द शर्जे यांनी एक पत्र लिहावयास घेतले. १४ डिसेंबरला मठापासून जवळच १२ क्रोएशियन कामगारांचे गळे चिरण्यात आले. नाताळच्या रात्री शस्त्रधारी टोळी मठात आली. तिने डॉक्टर, औषधे आणि पैसे मागितले. फादरांनी नकार दिला. आज शांतीच्या राजाचा जन्मदिवस आहे, असेही त्यांना सुनावले. टोळी परत गेली. १ जानेवारी १९९४ रोजी ते पत्र पूर्ण झाले.

म्हणजे हे पत्र शांत खोलीत बसून सुचलेले विचार नव्हते! आपण दहशतवादाला बळी पडलो तर, असे गृहीत धरून फादरांनी ते लिहिले. आपल्या मृत्यूचे खापर साऱ्या अल्जीरियन लोकांवर किंवा इस्लामवर फोडू नये, अशी त्यांची विनंती होती. जगातील दुष्टपणात आपलाही वाटा आहे, हे त्यांनी कबूल केले. आणि शेवटी, ज्याचा चेहरा अजून पाहिलेला नाही त्या मारेकऱ्याला त्यांनी मित्र म्हणून संबोधून त्याचे आभार मानले.

मार्च १९९६ मध्ये मठातील सात जणांना पळवून नेण्यात आले आणि मे महिन्यात त्यांच्या हत्येची बातमी आली. त्यांना नेमके कोणी व कसे मारले, याचा वाद आजही मिटलेला नाही. फादरांची क्षमा मात्र त्या उत्तरासाठी अडून राहिली नाही. ती दोन वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेली होती. ८ डिसेंबर २०१८ रोजी ओरान येथे या सातही जणांना धन्यवादित घोषित करण्यात आले.

येथे एक गैरसमज होऊ नये. क्षमा म्हणजे खटला मागे घेणे नव्हे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी आपल्यावर गोळ्या झाडणाऱ्या आग्जाला १९८३ साली तुरुंगात जाऊन भेट दिली, तरी तो पुढे २००० सालापर्यंत इटलीत कैदेतच होता. खरा गुन्हेगार सापडावा, निरपराध सुटावा, ही मागणी आपण सोडता कामा नये. दिवंगतांच्या कुटुंबांना तर कुणी क्षमेचा उपदेश करू नये. आमचे कुणी गेलेले नाही, म्हणून आम्हांला लिहिणे सोपे जाते.

मिस्सातील विनंत्यांत आपण बळी पडलेल्यांसाठी व सैनिकांसाठी प्रार्थना करतो, आणि तेथेच थांबतो. प्रभूने क्रुसावरून आपल्याला मारणाऱ्यांसाठीही प्रार्थना केली (लूक २३:३४). येत्या ११ जुलैच्या मिस्सात तशी एक विनंती आम्ही घालणार आहोत. ती कोणत्या शब्दांत मांडावी, हे अजून ठरत नाही. आपल्याला काही सुचल्यास चिठ्ठी लिहून सॅक्रिस्टीत द्यावी.