व्यसनाच्या छायेतील घर आणि सजग मन

दारू हा विषय यवतमाळ जिल्ह्याला नवा नाही. वर्धा नदी ओलांडून पलीकडे गेले की वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत ती १९९३ साली आली. चंद्रपुरात २०१५ साली लागू झाली आणि २०२१ साली उठविण्यात आली. आपल्या जिल्ह्यातील स्त्रियांनीही 'स्वामिनी' अभियानाच्या रूपाने जिल्हा दारूबंदीची मागणी लावून धरली, मोर्चे काढले. गावातील दुकान बंद करण्यासाठी महिलांचे मतदान घेऊन 'बाटली आडवी' करण्याचा मार्गही शासनाच्या नियमांनी खुला ठेवलेला आहे.

या चळवळींचे मोल कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. परंतु बारकाईने पाहिले तर त्यांचा सारा भर बाटलीवर असतो आणि व्यसनमुक्ती केंद्रांचा सारा भर पिणाऱ्या माणसावर असतो. बाटली आणि पिणारा यांच्यामध्ये जे घर सापडलेले असते, विशेषतः त्या घरातील जी मुले असतात, त्यांच्याकडे मात्र आपले लक्ष फारसे जात नाही. या मुलांना व त्यांच्या मातेला सजगतेच्या, म्हणजे सावध अवधानाच्या साधनेचा काही उपयोग होऊ शकतो काय, आणि होत असल्यास कोठपर्यंत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रश्नाचा आवाका

भारत सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करवून घेतलेले राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील १४.६ टक्के भारतीय, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी ५ कोटींहून अधिक लोकांचे पिणे अपायकारक किंवा व्यसनाच्या पातळीवर पोहोचलेले आहे. या प्रत्येक आकड्यामागे एकेक घर उभे आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, ज्यांचे पती वरचेवर नशेत असतात अशा स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रियांनी पतीकडून मारहाण वा अत्याचार झाल्याचे सांगितले. ज्यांचे पती पीत नाहीत त्यांच्यात हे प्रमाण सुमारे २३ टक्के होते.

मराठी रंगभूमीने हे दुःख फार पूर्वीच ओळखले होते. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. आपण वर्गात त्याचा अभ्यास करताना सुधाकराचा अधःपात आणि सिंधूचे पातिव्रत्य यांवर भरपूर चर्चा करतो. बापाच्या नशेत ज्याचा प्राण जातो ते तान्हे मूल मात्र आपल्या उत्तरपत्रिकेत एका ओळीपुरतेच येते. सिंधू अखेरपर्यंत पतीचा अपराध झाकते. आपण त्याला त्याग म्हणतो. मानसशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला त्यात व्यसनाच्या घरातील पहिला अलिखित नियम दिसतो. तो नियम म्हणजे, घरातले बाहेर सांगायचे नाही.

मुलाच्या मनात काय घडते?

व्यसनी पालकांच्या मुलांविषयी लिहिणाऱ्या अमेरिकन अभ्यासक क्लॉडिया ब्लॅक यांनी अशा घरातील तीन नियम सांगितले आहेत. बोलायचे नाही, विश्वास ठेवायचा नाही आणि काही वाटून घ्यायचे नाही. हे नियम मुलाला कोणी शिकवीत नाही. ते त्याच्या अंगवळणी पडतात.

हा विषय मी केवळ ग्रंथालयातून घेतलेला नाही, हे येथे सांगितले पाहिजे. आमच्या घरी कापसाचा चुकारा हाती आला की पुढचे आठ दिवस कसे जाणार हे आम्हां भावंडांना ठाऊक असे. फाटकाची कडी वाजली की कडीच्या आवाजावरून आणि पायांच्या ठेक्यावरून बाबा कोणत्या अवस्थेत आले आहेत हे मला ओळखता येई. माय चुलीजवळून नुसती मान वर करी आणि आम्ही पुस्तके उचलून मागच्या छपरीत जात असू. असे कान घेऊन वाढलेले मूल वर्गातही शांत बसू शकत नाही. गुरुजींनी आवाज चढविला की त्याचे पोट गोळा होते. पुस्तक समोर असते, पण लक्ष दारावर असते.

शरीरशास्त्राच्या दृष्टीने यात नवल नाही. धोक्याची चाहूल लागताच हृदयाचे ठोके वाढणे, श्वास उथळ होणे, स्नायू ताठरणे ही निसर्गाने दिलेली संरक्षणव्यवस्था आहे. धोका टळला की ती शमली पाहिजे. ज्या घरात धोका रोज संध्याकाळी येऊ शकतो, त्या घरातील मुलाच्या शरीरात ती शमतच नाही. मग कोणी मूल अकाली प्रौढ होऊन घर चालवू लागते, कोणी उनाड ठरते, कोणी कोपऱ्यात मूक होऊन बसते, तर कोणी विनोद करून ताण हलका करू पाहते. वरून ही चार वेगवेगळी मुले दिसतात, पण आतील भीती एकच असते.

सजगता म्हणजे काय?

घडत असलेल्या क्षणाकडे, आपल्या श्वासाकडे, शरीरातील संवेदनांकडे व मनात उठणाऱ्या विचारांकडे, त्यांना चांगले-वाईट न ठरविता जाणीवपूर्वक पाहणे म्हणजे सजगता. पाली भाषेत तिला 'सति' म्हणतात. ही कल्पना आपल्याला परकी नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला झालेल्या धम्मदीक्षेनंतर आपल्या भागातील असंख्य घरांत पंचशील पोहोचले. त्यातील पाचवे शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे आणि त्याचे कारणच मुळी असे दिले जाते की, नशेमुळे मनाची सावधता नष्ट होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाने वऱ्हाडातील खेड्यापाड्यांत पहाटेचे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना रुजविली. गळ्यात माळ घातली की बाटली सुटते, हा वारकरी घरांचा अनुभवही सर्वांच्या परिचयाचा आहे.

आधुनिक काळात सत्यनारायण गोएंका यांनी इगतपुरी येथे विपश्यनेचे केंद्र उभे केले. महाराष्ट्र शासनाच्या 'मित्र उपक्रमा'तून अनेक शाळांत मुलांना 'आनापान', म्हणजे येत्या-जात्या श्वासाकडे लक्ष देण्याचा पाठ दिला गेला. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात याच तत्त्वावर, परंतु धार्मिक विधी वगळून, रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला.

व्यसनाच्या क्षेत्रात अॅलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञाने तिचा उपयोग केला. पिण्याची ओढ ही लाटेसारखी असते. ती चढते, शिखरावर जाते आणि ओसरते. लाटेशी झुंजू नये, तिच्यात वाहूनही जाऊ नये, तिच्यावर स्वार होऊन ती ओसरेपर्यंत पाहत राहावे, असा त्यांचा सिद्धान्त आहे. त्यांच्या सहकारी सारा बोवेन यांनी २८६ व्यक्तींवर केलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. उपचारानंतर एक वर्षाने सजगतेचा पाठ घेतलेल्या गटात नशेचे दिवस इतर गटांपेक्षा कमी आढळले.

आपल्या विषयाला अधिक जवळचे काम ऑस्ट्रेलियातील शॅरॉन डॉ व पॉल हार्नेट यांचे आहे. त्यांनी व्यसनावर उपचार घेत असलेल्या पालकांसाठी घरी जाऊन राबविण्याचा कार्यक्रम आखला आणि त्यात सजगतेचा अंतर्भाव केला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, ६४ कुटुंबांच्या अभ्यासात या कार्यक्रमामुळे पालकांवरील ताण, मुलांना अपाय होण्याची शक्यता आणि मुलांच्या वर्तनसमस्या कमी झाल्याचे दिसून आले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्या पालकांना केवळ डोळे मिटायला शिकविलेले नव्हते. मुलाशी कसे खेळावे, रागाच्या क्षणी कसे थांबावे, घरखर्चाची अडचण कोणाकडे न्यावी, हेही त्याच कार्यक्रमात होते.

घरातील पाठ

आपल्या परिस्थितीत हा पाठ पुढीलप्रमाणे घेता येईल.

१. श्वासाचा पाठ (मुलांसाठी) : पाठ ताठ, पण सैल ठेवून बसावे. डोळे मिटण्याची भीती वाटत असेल तर ते उघडे ठेवून जमिनीवरील एका ठिकाणी नजर लावावी. भेदरलेल्या मुलाला डोळे मिटायला भाग पाडू नये. श्वास आत येताना 'आला' आणि बाहेर जाताना 'गेला' असे मनात म्हणावे. बाहेर जाणारा श्वास थोडा लांबवावा, कारण त्यामुळे हृदयाची गती मंदावते. तीन मिनिटे पुरेशी आहेत.

२. नाव देण्याचा पाठ : 'पोटात गोळा आला आहे', 'मला भीती वाटते', 'मला राग आला आहे' असे मुलाने स्वतःशी किंवा विश्वासाच्या माणसाशी म्हणावे. काही वाटून घ्यायचे नाही हा नियम येथेच मोडतो.

३. थांबण्याचा पाठ (आईसाठी) : नवऱ्यावरचा संताप पुष्कळदा मुलाच्या पाठीवर उतरतो. हात उचलण्यापूर्वी पायाचे तळवे जमिनीला टेकलेले जाणवून घ्यावेत आणि तीन श्वास मोजावेत. एवढ्या अवधीत हात पुष्कळदा खाली येतो.

४. ओढीचा पाठ (पिणाऱ्यासाठी) : हा उपचार सुरू असतानाच घ्यावयाचा आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी ओढ उठली की ती शरीरात कोठे जाणवते, घशात की छातीत, हे पाहावे आणि ती ओसरेपर्यंत दुकानाच्या वाटेने जाऊ नये.

गेल्या वर्षभरापासून मी, माय आणि सातवीतील धाकटा भाऊ रात्री जेवणानंतर पहिले दोन पाठ करीत आहोत. बाबांचे पिणे यामुळे सुटलेले नाही, आणि ते यामुळे सुटेल असे मी म्हणणारही नाही. परंतु भाऊ आता मला सांगतो की, 'दादा, आज मले भेव वाटून राह्यलं.' पूर्वी तो सांगत नसे, त्याचे नुसते पोट दुखत असे. हा बदल लहान आहे, पण तो खरा आहे.

मर्यादा

या विषयात सर्वांत मोठा धोका असा की, सजगतेच्या नावाखाली सोसण्याचाच उपदेश होईल. 'मन शांत ठेव, बाई' हे वाक्य आपल्या समाजाने पिढ्यान्पिढ्या स्त्रियांना ऐकविले आहे. सजगता म्हणजे ते नव्हे. जे घडते आहे ते स्पष्ट पाहणे म्हणजे सजगता. मार पडत असेल तर 'मार पडतो आहे' हे पाहणे आणि तेथून बाहेर पडणे हाच सजगपणा होय. हात उगारलेल्या माणसासमोर श्वास मोजत बसू नये. शेजारी जावे. पोलिसांचा ११२, महिलांसाठी १८१ आणि बालकांसाठी १०९८ हे क्रमांक घरातील लहानथोर सर्वांना पाठ असावेत. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा याच कामासाठी आहे.

दुसरी मर्यादा वैद्यकीय आहे. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली तर कंप, भ्रम आणि झटके येऊन जीवावर बेतू शकते. म्हणून शपथ घालून घरात कोंडण्याऐवजी डॉक्टरांकडे न्यावे. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकारांवरील उपचाराची सोय आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या क्रमांकांवर दूरध्वनीने सल्ला मिळतो.

तिसरी गोष्ट सोबतीची. अनिल व सुनंदा अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या 'मुक्तांगण'ने पिणाऱ्यांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालविला. अमेरिकेत १९५१ पासून 'अल-अॅनॉन' ही नातेवाइकांची संघटना आहे आणि १९५७ पासून तिची किशोरवयीन मुलांसाठी स्वतंत्र शाखा आहे. या गटांत मुलाला समजते की, दारू माझ्यामुळे सुरू झाली नाही, ती माझ्या हातात नाही आणि ती सोडविण्याची जबाबदारीही माझी नाही. एकट्याने केलेल्या ध्यानातून हे सहसा उमगत नाही. ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते.

उपसंहार

आपल्या महाविद्यालयात मारेगाव-झरीपासून उमरखेड-पुसदपर्यंतच्या गावांतून विद्यार्थी येतात. त्यांत व्यसनाच्या छायेतून आलेले किती, हे कोणी मोजलेले नाही आणि हात वर करा असे कोणी म्हणूही नये. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात दारूबंदीची प्रभातफेरी आपण काढतोच. त्याच शिबिरात संध्याकाळी गावातील मुलांना अर्धा तास गोळा करून श्वासाचा व नाव देण्याचा पाठ द्यावा. महाविद्यालयात आठवड्यातून एक तास अशी एक खोली उघडी असावी, जेथे नाव न विचारता बसता येईल आणि बोलता येईल. ज्या प्राध्यापकांच्या तासाला एखादा विद्यार्थी वारंवार दाराकडे पाहतो, त्यांनी त्याला बेशिस्त ठरविण्यापूर्वी एकदा बाजूला घेऊन विचारावे.

बाटली आडवी व्हावी यासाठीचा लढा चालूच राहील आणि तो चाललाच पाहिजे. पण ती आडवी होईपर्यंत या मुलांचे बालपण थांबून राहत नाही. तोवर निदान त्यांना आपला श्वास आणि आपला शब्द परत मिळवून देणे, हे आपल्या हातचे काम आहे.