पटावरील आकडा आणि वर्गातील मूल

बीड जिल्ह्यातील किंवा शेजारच्या एखाद्या ऊसतोड कामगारांच्या गावी सप्टेंबरच्या अखेरीस शाळेचे हजेरीपत्रक उघडले, तर ते भरगच्च दिसते. वर्ग भरलेला असतो, पट आणि प्रत्यक्ष उपस्थिती यांत फारसे अंतर नसते. पुढे दसरा-दिवाळी होते. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी संसार ट्रकमध्ये घालून पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांची वाट धरतात. ज्यांना मागे ठेवण्यासारखे वडीलधारे माणूस घरी नाही, त्यांची मुलेही बरोबर जातात. कोणी थळात धाकटे भावंड सांभाळते, कोणी वाढे गोळा करते. डिसेंबरात त्याच वर्गातील कित्येक बैठका रिकाम्या असतात. पट्टा पडून मंडळी गावी परततात, तेव्हा शैक्षणिक वर्ष संपत आलेले असते.

देशातील शाळांची वार्षिक आकडेवारी दीर्घकाळ ३० सप्टेंबर या दिनांकास अनुसरून संकलित होत आली. हा दिनांक निवडण्यामागे कारण होते. जूनमधील प्रवेशांची धावपळ तोवर संपलेली असते आणि पट स्थिरावलेला असतो. परंतु गाळप हंगाम त्यानंतर सुरू होतो. म्हणून त्या दिवशी मोजलेले मूल कागदोपत्री वर्षभर शाळेत राहते. प्रत्यक्षात ते त्यांपैकी चार-पाच महिने उसाच्या फडात असू शकते. येथे कोणी खोटी नोंद केलेली नसते. आकडा खरा असतो, मात्र तो एका दिवसाचा असतो. शिक्षणातील सांख्यिकीचा विचार करताना हा पहिला धडा लक्षात ठेवण्याजोगा आहे: कोणताही आकडा हाती आला की तो कोणत्या दिवशी, कोणी, कोठे आणि कशासाठी मोजला, हे आधी विचारावे.

गळती आणि स्थगिती

विद्यार्थी शाळेत किती काळ टिकतात, हा प्रश्न आपल्याकडे आकड्यांच्या भाषेत मांडला गेला त्याला आता शतक होत आले. सर फिलिप हार्टोग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२९ साली दिलेल्या अहवालात असे दाखविले, की १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर १०० मुलामुलींमागे १९२५-२६ साली चौथीत केवळ १८ होती. शिक्षण पूर्ण होण्यापूर्वीच शाळा सुटणे म्हणजे गळती आणि एकाच इयत्तेत वर्षानुवर्षे राहणे म्हणजे स्थगिती, या दोन संज्ञा त्यानंतर शिक्षणविषयक चर्चेत रूढ झाल्या. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या शिक्षण आयोगानेही या दुखण्याचा सविस्तर विचार केला. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातील होते.

हार्टोग समितीचा आकडा वाचताना एक सावधगिरी बाळगावी लागते. १०० पैकी १८ चौथीत पोहोचली याचा अर्थ उरलेल्या ८२ जणांनी शाळा सोडली असा होत नाही. त्यांतील काही खालच्या इयत्तेतच अडकून होती. शिवाय पहिलीच्या संख्येत त्या वर्षी नव्याने आलेली मुले आणि नापास होऊन तेथेच राहिलेली मुले अशी दोन्ही धरलेली होती. वर्गांच्या दोन वर्षांतील बेरजा शेजारी ठेवून काढलेला हा हिशेब होता. एकेका मुलाच्या मागे जाऊन तो केलेला नव्हता, आणि त्या काळी तसे करणे शक्यही नव्हते.

पुढे १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा अंमलात आला. आठवीपर्यंत कोणत्याही मुलास एका इयत्तेत रोखून ठेवता येणार नाही, अशी त्याची मूळ तरतूद होती. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीच्या अखेरीस परीक्षा घेऊन प्रसंगी विद्यार्थ्यास त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना देण्यात आली. मधल्या काळात स्थगितीचा रकाना कागदावर जवळजवळ रिकामा झाला. मुलांचे मागे पडणे मात्र थांबले नव्हते. ते फक्त त्या रकान्यातून दिसेनासे झाले होते. मोजण्याचे साधन बदलले की वास्तव बदलल्याचा भास होतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

शाळेतील मोजणी आणि घरची मोजणी

आज शालेय शिक्षणाविषयी प्रामुख्याने तीन प्रकारची माहिती उपलब्ध होते. पहिली, शाळांनी स्वतः भरलेली. १९९४-९५ च्या सुमारास जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमातून सुरू झालेली जिल्हा माहिती प्रणाली विस्तारत जाऊन २०१८-१९ पासून ती ‘यू-डायस प्लस’ या नावाने ओळखली जाऊ लागली. २०२२-२३ पासून तीत शाळावार बेरजांऐवजी विद्यार्थीनिहाय नोंदी घेतल्या जाऊ लागल्या. दुसरी, शासनाने वर्गात घेतलेल्या संपादणूक चाचण्यांची. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी झालेले राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण किंवा ४ डिसेंबर २०२४ रोजी झालेले ‘परख’ सर्वेक्षण या प्रकारात मोडतात. तिसरी, घरोघर जाऊन केलेल्या नमुना पाहणीची. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणारी ‘असर’ पाहणी ग्रामीण भागातील निवडलेल्या घरांत जाते आणि प्रत्येक मुलाला समोर बसवून दुसरीच्या पातळीचा उतारा वाचावयास देते. मूल शाळेत आहे, खाजगी शाळेत आहे की कोठेच नाही, हे या रीतीने कळते.

या पाहणीतील दोन आकडे एकत्र वाचण्यासारखे आहेत. देशाच्या ग्रामीण भागात ६ ते १४ वयोगटातील शाळेत दाखल मुलांचे प्रमाण २०१८ साली ९७.२ टक्के होते. ते २०२२ साली ९८.४ टक्के झाले. त्याच चार वर्षांत दुसरीचा उतारा वाचू शकणाऱ्या पाचवीतील मुलांचे प्रमाण ५०.५ टक्क्यांवरून ४२.८ टक्क्यांवर घसरले. २०२४ साली ते ४८.८ टक्क्यांपर्यंत सावरले. करोनाच्या साथीमुळे शाळा बंद राहिल्या त्या काळात पट वाढला आणि वाचन मागे गेले, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. केवळ पहिला आकडा वाचणाऱ्यास प्रगती दिसेल, केवळ दुसरा वाचणाऱ्यास अधोगती. मूल मात्र या दोन्ही आकड्यांत एकच आहे.

सरासरीच्या आड

शाळेची पाहणी करताना सर्वाधिक वापरला जाणारा आकडा म्हणजे सरासरी. तो उपयुक्त असला, तरी त्याच्या आड बरेच काही लपते. उदाहरणादाखल दोन काल्पनिक शाळा घेऊ. दोन्हींचा पट ५० आणि दोन्हींची सरासरी उपस्थिती ८० टक्के. पहिल्या शाळेत जवळजवळ प्रत्येक मूल दहांपैकी आठ दिवस येते. दुसऱ्या शाळेत ४० मुलांची उपस्थिती ९५ टक्के, तर उरलेल्या दहांची केवळ २० टक्के आहे. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या तक्त्यात या शाळा शेजारी शेजारी, एकाच रांगेत बसतील. परंतु पहिल्या शाळेत आठवडी बाजार, पावसाळ्यातील ओढा किंवा शेतीची कामे असे सर्वांना लागू पडणारे कारण शोधावे लागेल. दुसऱ्या शाळेत दहा घरांचे दार ठोठवावे लागेल. उपाय वेगळे, खर्च वेगळा आणि निकडही वेगळी.

म्हणून सरासरीबरोबर विभागणी पाहण्याची सवय लावून घेतली पाहिजे. त्यासाठी मोठ्या गणिताची गरज नाही. दर महिन्याच्या अखेरीस हजेरीपत्रकावरून मुलांचे तीन गट पाडावेत: तीन-चतुर्थांशांहून अधिक दिवस आलेली, निम्म्याहून अधिक पण तीन-चतुर्थांशांपर्यंत दिवस आलेली आणि निम्मे किंवा त्याहून कमी दिवस आलेली. तिसऱ्या गटातील नावे वाचली की आकडा आपोआप बोलू लागतो. ती बहुतांश मुलींची आहेत काय, एकाच वस्तीवरील आहेत काय, एकाच महिन्यात गैरहजेरी वाढते काय, असे प्रश्न त्यातूनच सुचतात.

मुलामागोमाग जाणारी नोंद

टिकून राहण्याचे प्रमाण काढतानाही अशीच गल्लत होते. समजा, एका शाळेत पहिलीत ४० मुले दाखल झाली आणि ती तुकडी पाचवीत गेली तेव्हा वर्गाचा पट ३६ होता. तक्ता सांगेल की ९० टक्के मुले टिकली. परंतु या ३६ जणांपैकी सात जण मधल्या काळात अन्य गावांहून आलेले असतील, तर मूळच्या ४० पैकी २९ जणच वर्गात उरले. गेलेल्या ११ जणांपैकी सहा जणांनी रीतसर दाखला नेला आणि ते दुसऱ्या शाळेत शिकत आहेत असे आढळले, तर खऱ्या अर्थाने ठावठिकाणा न लागलेली मुले पाच. ज्यांच्यासाठी धावपळ करावयाची ती हीच पाच मुले होत, आणि ९० टक्क्यांच्या आकड्यात ती कोठेही दिसत नाहीत.

विद्यार्थीनिहाय नोंदीचे महत्त्व येथे आहे. दाखल-खारीज नोंदवहीतील प्रत्येक नावापुढे ‘कोठे गेले’ याचे उत्तर असावयास हवे. गळती या शब्दानेही एक गैरसमज होतो. मडके गळते तसे मूल आपोआप निसटते, असे त्यातून सूचित होते. प्रत्यक्षात मूल निसटण्यापूर्वी अनेक दिवस गैरहजर राहिलेले असते, आणि ते दिवस हजेरीपत्रकात नोंदलेले असतात.

मुलालाही विचारावे

हजेरी, गुण आणि पट यांवरून मूल कोठे आहे हे कळते. तेथे त्याला काय अनुभव येतो, हे त्यालाच विचारावे लागते. २०२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सुमारे ३४ लाख विद्यार्थ्यांच्या चाचणीबरोबर एक प्रश्नावलीही होती. ४८ टक्के विद्यार्थी शाळेत पायी येतात, साथीच्या काळात २४ टक्के विद्यार्थ्यांच्या घरी एकही डिजिटल उपकरण नव्हते आणि ३८ टक्क्यांना घरी अभ्यास करताना अडचणी आल्या, असे त्यातून दिसून आले. गुणांच्या तक्त्याशेजारी ही माहिती ठेवली म्हणजे कमी गुणांमागील परिस्थिती समजू लागते.

गावपातळीवरही असे विचारणे शक्य आहे. त्यासाठी काही पथ्ये पाळावीत. कागदावर नाव लिहून घेऊ नये. मुख्याध्यापक समोर उभे असताना उत्तरे मागू नयेत. लहान मुलांना मत विचारण्याऐवजी घडलेली गोष्ट विचारावी. ‘शाळा आवडते का?’ या प्रश्नास बहुतेक मुले होकार देतात. ‘काल दुपारी प्यायला पाणी मिळाले का?’, ‘या आठवड्यात वर्गात प्रश्न विचारलास का?’, ‘बाईंचे बोलणे घरच्या भाषेपेक्षा वेगळे वाटते का?’ या प्रश्नांची उत्तरे अधिक उपयोगी ठरतात. मुलांनी सांगितले आणि काहीच बदलले नाही, तर पुढच्या वेळी ती मोकळेपणाने सांगणार नाहीत, याचेही भान ठेवावे.

आकड्यांच्या मर्यादा

लहान शाळांच्या बाबतीत टक्केवारी फसवी ठरते. १२ विद्यार्थ्यांच्या शाळेत एक मूल म्हणजे आठ टक्क्यांहून अधिक. नऊऐवजी दहा मुले उत्तीर्ण झाली, तर निकाल ७५ वरून ८३ टक्क्यांवर जातो. एवढ्यावरून शिक्षकांचा सत्कार करणे अथवा त्यांना जाब विचारणे, दोन्ही घाईचे होईल. अशा ठिकाणी तीन-चार वर्षांचे आकडे एकत्र पाहावेत आणि टक्क्यांऐवजी मुलांची संख्या लिहावी.

दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण, असेही मानू नये. शिकवणीला जाणाऱ्या मुलांचे गुण अधिक असतील, तर ते शिकवणीमुळे की घरच्या आर्थिक स्थितीमुळे, हे केवळ त्या आकड्यावरून ठरत नाही.

सर्वांत मोठा धोका मात्र वेगळा आहे. ज्या आकड्यावर अनुदान, पदे किंवा शाबासकी अवलंबून असते, तो आकडा सजविण्याचा मोह होतो. राज्यात ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या काळात सर्व शाळांची विशेष पटपडताळणी करावी लागली, तिच्या मुळाशी हाच प्रश्न होता. पटावरील आणि वर्गातील संख्येतील मोठी तफावत त्या वेळी उघड झाली. मात्र पटावर असून वर्गात नसलेले प्रत्येक नाव बनावट असतेच असे नाही. ते खऱ्या, परंतु त्या दिवशी न आलेल्या मुलाचेही असू शकते. या दोहोंतील फरक गणनेतून कळत नाही. तो घरी जाऊनच कळतो.

गावाचे काम

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ नुसार आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे, ही स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये आहेत. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी गावी हंगामी वसतिगृहे आणि पालकांबरोबर जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक अशा योजना राज्यात राबविण्यात आल्या आहेत. त्यांचा लाभ वेळेवर पोहोचावयाचा असेल, तर टोळ्या निघण्यापूर्वी कोणती घरे जाणार आणि कोणती मुले मागे राहू शकतील, ही यादी ग्रामपंचायत, शाळा व्यवस्थापन समिती आणि शिक्षक यांच्या हाती असली पाहिजे. सप्टेंबरचा पट हे काम करू शकत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात घरोघर केलेली साधी चौकशी ते करू शकते. त्यानंतर डिसेंबरात आणि मार्चमध्ये तीच यादी पुन्हा तपासावी. गाव सोडलेले मूल कारखान्याच्या परिसरातील शाळेत पोहोचले की नाही, याची विचारणा तेथील शिक्षकांकडे करावी.

एवढे केले, की पटावरील आकड्यास अर्थ येतो. शाळेचा तक्ता वर जाताना त्यातील नावे गळून केवळ बेरजा उरतात. राज्यपातळीवर ते अपरिहार्य आहे. गावाच्या पातळीवर मात्र प्रत्येक अंकामागील मुलाचे नाव, त्याचे घर आणि त्या घराची अडचण ठाऊक असू शकते. ज्या महिन्यात मूल हजेरीपत्रकावरून दिसेनासे होऊ लागते, त्याच महिन्यात कोणीतरी त्याच्या दारी गेले, तर वर्षअखेरच्या गळतीच्या रकान्यात एक आकडा कमी भरावा लागेल.